पांढऱ्या बैलाचे तीन हात

पोळ्याचे बैल आजोबा घडवायचे आणि रंगवायची आजी. आमचं गाव अंबड तालुक्यातलं, धंदा कुंभाराचा, माती काळीभोर. तिच्यात चाळलेली राख आणि घोड्याची लीद कालवली तरच बैल वाळताना तडकत नसे. वाळला की रंग मेलेल्या चुलीसारखा. गिऱ्हाइकाला मात्र पांढराच हवा. दारात खिल्लारी जोडी बांधायची ऐपत फार थोड्यांची, निदान पाटावरची तरी पांढरीशुभ्र असावी! लालकंधारी मागितले असते तर गेरूच्या एका हातात काम उरकलं असतं.

रंगाच्या थराला आमच्याकडे ‘हात’ म्हणत. पांढऱ्याला तीन हात, हा आजीचा नियम.

कळीचा चुना रांजणात विझवून आठवडाभर मुरू द्यायचा, धोतराच्या फडक्यातून गाळायचा, त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी आणि चिमटीभर नीळ. नीळ पिवळटपणा मारते. कोरडी माती चुन्यातलं पाणी घटाघट पिते, म्हणून आजी आधी ओल्या फडक्याने बैल पुसून घ्यायची. मग ठेचलेल्या शिंदीच्या काडीने पहिला हात, ताकाइतका पातळ. तो दिला की काहीच दिसायचं नाही. बैल ओला, काळा, होता तसाच. आजी रंगच विसरली की काय, असं मला वाटे. सावलीत ठेवल्यावर घटकाभराने शिंगांच्या टोकांवर पांढुरकं येऊ लागे, मग वशिंडावर, पोट सगळ्यात शेवटी. ते पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा हात नाही.

एकदा मी घाई केली. दह्यासारखा दाट चुना एकाच हातात थापला. संध्याकाळी बैल झकास दिसला, सकाळी वशिंडावरून पापड सुटावा तशी खपली निघाली. आजी काही बोलली नाही, तिने तो बैल खरवडायला माझ्याच हातात दिला.

१९७२च्या दुष्काळात आमच्या गल्लीतली बरीच जनावरं पोळ्याआधीच विकली गेली होती. गोठे रिकामे, आणि आजोबांचे बैल मात्र हातोहात खपले. त्या वर्षी पाणी जपायचं म्हणून आजीने दोनच हात दिले. पाठीवरून काळं डोकावत होतं. कुणी तक्रार केली नाही.

१ मे १९८१ला जालना वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षी मी चित्रकला शिक्षक म्हणून जालन्यात लागलो, आणि आजीच्या चुन्याचं गणित तिथे उलगडलं. पांढरा रंग म्हणजे प्रकाश उधळणारे कण. चुना वाळून पुन्हा खडूच होतो. खडूचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचा अंक, साधारण १.६, पाण्याचा १.३३. फरक थोडा, म्हणून ओला चुना आरपार दिसतो. पाणी उडून कणांमध्ये हवा शिरली की पांढरा उमटतो. अळशीच्या तेलाचा अंक तर १.४८! माझ्या चुलत्यांनी चकाकीसाठी खडूची भुकटी तेलात कालवून बैलांना दिली होती. बैल कळकट राखाडी झाले. सुतार खिळ्यांची भोकं बुजवायला लांबी करतात, तीच चुलत्यांनी नकळत केली होती.

तेलातही टिकणारा पांढरा म्हणजे जस्ताचा सफेदा. जलरंगात तो इंग्लंडमध्ये १८३४ साली आला. टायटॅनियमचा पांढरा पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा, अपवर्तनांक २.७, म्हणजे झाकण्यात सगळ्यांचा बाप. तिरुवनंतपुरमला त्यासाठी १९४६ साली कंपनीही निघाली. जालन्याच्या बाजारातून मी त्याचा पहिला डबा गावी नेला, तेव्हा आजी थकली होती. तिने बोट बुडवून नखावर पुसलं, नख दिसेनासं झालं. तरी म्हणाली, ‘‘पातळ कर रे, आन् तीन हात दे.’’

पुढे साच्यातले प्लास्टरचे बैल आले. ते मुळातच पांढरे, त्यांच्यापुढे आमची काळी माती हरली.

आता माझा नातू प्लास्टिकची विमानं जोडतो. काळ्या प्लास्टिकवर पांढरा थेट मारला तर कडांवरून ओघळतो आणि कोपऱ्यात साचतो, हे त्याने दोन विमानं बिघडवून शिकून घेतलं. हल्ली तो आधी फिकं राखाडी अस्तर देतो, मग पातळ पांढरा. परवा पहिला हात देऊन विमान खिडकीत ठेवलं होतं, पंखांतून राखाडी सरळ दिसत होता. तो डबा पुन्हा उघडायला निघाला. मी डबा काढून घेतला आणि त्याला चहा ठेवायला सांगितलं.