ठणक्याच्या आधीचा दात

कृष्णेच्या खोऱ्यातील ज्या मुलखाचा एक भाग १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला आणि १९६० मध्ये सांगली जिल्हा या नावाने ओळखला जाऊ लागला, त्या मुलखात गुळाच्या पेठा आणि बायाबापड्यांच्या बोटावरची मिश्री पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. आणि दाताची दखल घ्यायची ती दाढ ठणकू लागल्यावरच, ही रीतही त्यांच्यासोबत रूढ झाली. सुश्रुतसंहितेने कृमिदंताची लक्षणे म्हणून काळेपणा, छिद्र, स्राव, हालणे व वेदना यांची नोंद केली आहे. ती यथार्थच, परंतु व्याधी बळावल्यानंतरची. लवंगेच्या तेलाचा बोळा हा पहिला उपाय आणि चिमटा हा अखेरचा. त्यापूर्वीच्या अवस्थेला कोणी वाली नव्हता.

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उघडले, त्याच्या थोडे आधी, १८९० मध्ये, बर्लिनच्या विलोबी मिलर यांनी प्रतिपादन केले होते की, मुखातील जंतू पिष्ट व शर्करा यांपासून आम्ल निर्माण करतात आणि ते आम्ल दातातील खनिज विरघळवते. कारण कळले, तरी आरंभ दिसेना. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, १९२५ मध्ये हॉवर्ड रेपर यांनी दोन दातांमधील दुर्गम बाजू दाखवणारी छायाचित्रपद्धती पुढे आणली. पण कवचातील बरेच खनिज नष्ट झाल्याखेरीज तिच्यातही छाया उमटत नाही. उरली टोकदार सळई. दाताच्या खाचेत ती अडकली की कीड ठरे. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे निदर्शनास आले की, नुकत्याच मऊ पडू लागलेल्या कवचाला ती सळईच इजा करते, म्हणजे तपासासाठी नेमलेला अंमलदारच गुन्ह्यात सामील निघाला.

आजची रीत अधिक संयमाची आहे. दात स्वच्छ करून, हवेच्या झोताने सुमारे पाच सेकंद कोरडा करून प्रखर उजेडात न्याहाळला असता, ओलेपणी न दिसणारा खडूसारखा पांढरा डाग उघड होतो. मिश्रीचे पुट असेल, तर ते आधी काढावे लागते. या अवस्थेत दात कोरण्याची गरज सहसा नसते. फ्लोराइडचा वापर, नियमित घासणे आणि वरचेवर गोड खाण्यास आवर, एवढ्याने गेलेले खनिज काही अंशी परत भरते.

कराड आणि सांगलीस आता दंतमहाविद्यालये आहेत. उणीव आहे ती दाढ दुखत नसताना तेथवर जाणाऱ्यांची. निदान सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी मुलांची पहिली कायमची दाढ तरी ठणक्याची वाट न पाहता पालकांनी तपासून घ्यावी.