संच मोजले, भाषा मोजली नाही

घरी रेडिओ आहे काय, दूरचित्रवाणी संच आहे काय, दूरध्वनी आहे काय, हे प्रश्न जनगणनेच्या घरयादीत प्रथम आले ते २००१ च्या गणनेसाठी. देशातील ३५.१ टक्के कुटुंबांकडे रेडिओ आणि ३१.६ टक्क्यांकडे दूरचित्रवाणी, असे तेव्हा आढळले. २०११ मध्ये रेडिओ १९.९ टक्क्यांवर उतरला, दूरचित्रवाणी ४७.२ टक्क्यांवर गेली. मोबाइलसह दूरध्वनी तर ९.१ वरून ६३.२ टक्क्यांवर.

सीमाभागात रेडिओच्या या घसरणीचा अर्थ निराळा आहे. मध्यम लहरींना राज्यपुनर्रचनेची रेषा ठाऊक नव्हती. आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० चे, सांगलीचे १९६३ चे. अथणी-चिकोडीकडच्या घरात त्याच संचाचा काटा थोडा फिरवला की कन्नडही लागे आणि मराठीही. संचासाठी तेव्हा टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. परवान्यावर भाषेची अट नव्हती, हे आपले भाग्यच म्हणायचे.

दूरचित्रवाणीचे तसे नव्हते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, परंतु तिच्या लहरी क्षितिजापलीकडे फारशा पोहोचत नाहीत. १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले, ते मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठविणारे. त्या काळी सीमावासीयाने संच घेतला तो बहुतांशी हिंदीसाठी. मराठी चित्र सर्वदूर जाण्यास उपग्रह लागला: १९९४ मध्ये दूरदर्शनची प्रादेशिक उपग्रह सेवा, १९९९ मध्ये अल्फा मराठी. तरीही तारेवर कोणती वाहिनी सोडायची, हे केबलचालकाच्या हाती राहिले.

यातले काहीच गणनेत उमटत नाही. घरयादी आधी होते. मातृभाषेचा प्रश्न पुढील वर्षी फेब्रुवारीत, वेगळ्या अर्जावर विचारला जातो. त्यामुळे जिल्ह्यात किती घरी संच आहेत हे कळते, मराठी भाषकांच्या किती घरी आहेत हे त्या तक्त्यांतून निघत नाही. जानेवारी २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या घरयादीच्या ३१ प्रश्नांत कुटुंब मुख्यत्वे कोणते धान्य खाते हेही होते; घरात कोणत्या भाषेतील वाहिनी पाहिली जाते हे नव्हते.

म्हणून जिल्ह्याची टक्केवारी मराठी घरांची टक्केवारी म्हणून निवेदनांत छापू नये. तो आकडा हवा असेल, तर गावोगाव घरे फिरून आपणच मोजणी केली पाहिजे, आणि त्यात कन्नड भाषक घरेही घेतली पाहिजेत. तुलनेवाचून मराठी घरांचे वेगळेपण दिसणार नाही.