रेडिओ व्हेन्सेरेमोसचा ध्वनिसंग्रह

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ या काळात यादवी युद्ध झाले. त्या युद्धात बंडखोरांनी डोंगरातून चालवलेल्या गुप्त नभोवाणी केंद्राच्या ध्वनिफितींचा हा संग्रह. 'व्हेन्सेरेमोस' म्हणजे 'आम्ही जिंकू'. फाराबुंदो मार्ती राष्ट्रीय मुक्ती आघाडीत पाच सशस्त्र संघटना होत्या. त्यांपैकी ईआरपी या संघटनेने १० जानेवारी १९८१ रोजी, आघाडीचा पहिला सार्वत्रिक हल्ला सुरू झाला त्याच दिवशी, ईशान्येकडील मोरासान प्रांतातून पहिले प्रक्षेपण केले. हल्ला फसला, केंद्र मात्र युद्ध संपेपर्यंत बोलत राहिले.

देशाला रेडिओकडे कान लावायची सवय त्याआधीच लागली होती. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची रविवारची प्रवचने वायएसएएक्स या चर्चच्या केंद्रावरून प्रसारित होत आणि आठवडाभरात कोण मारले गेले, कोण बेपत्ता झाले याचा पाढा त्यांत वाचला जाई. या केंद्रावर बॉम्बहल्लेही झाले. सैनिकांनी माणसे मारण्याचे हुकूम पाळू नयेत, असे रोमेरो यांनी २३ मार्च १९८० च्या प्रवचनात सांगितले. दुसऱ्याच दिवशी प्रार्थनाविधी चालू असताना त्यांना गोळी घालण्यात आली. वृत्तपत्रे गप्प होती आणि खेड्यांत वाचता येणारेही थोडेच होते, त्यामुळे बातमी हवेतूनच यावी लागे.

केंद्राची उभारणी कार्लोस एन्रिकेस कोन्साल्वी या व्हेनेझुएलाच्या पत्रकाराने केली. श्रोत्यांना तो 'सांतियागो' या नावानेच माहीत होता. 'मारिपोसा' म्हणजे फुलपाखरू, हे टोपणनाव घेतलेल्या निवेदिकेचा आवाजही तितकाच ओळखीचा झाला. पहिला शॉर्टवेव्ह प्रक्षेपक हौशी रेडिओवाले वापरतात त्या जातीचा, जुना 'वायकिंग' होता. वीज जनित्रावर तयार करायची, स्टुडिओ जमिनीत खणलेल्या खड्ड्यात, आणि लष्कर जवळ आले की सगळा संसार पाठीवर टाकून चालू पडायचे. लष्कराकडे लहरींचा माग काढणारी यंत्रे आली, तेव्हा तंत्रज्ञांनी शेतांच्या काटेरी तारांचे कुंपणच वाहक म्हणून वापरले. स्टुडिओतला आवाज तारेतून दूरच्या प्रक्षेपकापर्यंत नेला की शोध घेणाऱ्याला निवेदकांचा ठाव लागत नसे.

संग्रहातील सर्वांत जड ध्वनिफिती एल मोसोते या खेड्याच्या आहेत. डिसेंबर १९८१ मध्ये लष्कराने मोरासानमध्ये मोठी मोहीम काढली. रेडिओ बंद पाडणे हा तिचा एक उघड हेतू होता. बंडखोर निसटले. मागे राहिलेल्या गावकऱ्यांना अमेरिकेने प्रशिक्षण दिलेल्या आत्लाकात्ल बटालियनने एल मोसोते आणि आसपासच्या वस्त्यांत ठार केले. पती आणि चार मुले गमावलेली रुफिना आमाया झाडाआड लपून वाचली. महिना संपण्यापूर्वी केंद्र पुन्हा सुरू झाले आणि हत्याकांडाची बातमी तिथून गेली. रुफिनाची साक्षही या केंद्राने नोंदवली. बंडखोरांचा प्रचार म्हणून ती बातमी बाहेर कोणी फारशी मनावर घेतली नाही. २७ जानेवारी १९८२ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रेमंड बॉनर आणि 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये आल्मा गियेर्मोप्रिएतो यांचे वृत्तांत छापून आले, तरी वॉशिंग्टनने ते झटकून टाकले. १९९२ मध्ये अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांनी चर्चशेजारची एक खोली उकरली, तेव्हा शंभराहून अधिक सांगाडे निघाले. त्यांतले बहुतेक बारा वर्षांखालील मुलांचे होते. एका खेडवळ बाईचे बोलणे मान्य व्हायला हाडे बाहेर यावी लागली.

आत्लाकात्ल बटालियनचा सेनानी दोमिंगो मोंतेरोसा याला हा रेडिओ नष्ट करण्याचा ध्यासच लागला होता. बंडखोरांनी त्याचा उपयोग करून घेतला. ऑक्टोबर १९८४ मध्ये त्यांनी आत स्फोटके भरलेला एक प्रक्षेपक त्याच्या हाती लागू दिला. विजयचिन्ह म्हणून तो घेऊन निघालेले हेलिकॉप्टर जोआतेकाजवळ हवेतच फुटले आणि मोंतेरोसा ठार झाला. युद्धकथा म्हणून ही घटना इतक्या वेळा सांगितली गेली आहे की त्याच केंद्राच्या रोजच्या, कंटाळवाण्या कामाकडे दुर्लक्ष होते.

खरा खजिना त्या रोजच्या कामातच आहे. कॅसेट रेकॉर्डर घेऊन तुकड्यांबरोबर फिरणाऱ्या वार्ताहरांनी टिपलेल्या चकमकी, 'ला ग्वाकामाया सुबवेर्सिवा' या कार्यक्रमातली सरकारची आणि अमेरिकी दूतावासाची टवाळी, मोरासानच्या शेतकऱ्यांच्या 'लोस तोरोगोसेस' या वाद्यवृंदाची गाणी, बेल्जियन पाद्री रोखेलियो पॉन्सेले यांच्या सहवासात घडलेले धार्मिक जीवन, हे सगळे त्या काळाच्या आवाजात सापडते. लेखी दस्तऐवजात न येणारी बोली, खोकला, कोंबडा, दूरचे विमान यांतून एका दुर्गम प्रांताचे दहा वर्षांचे जगणे ऐकू येते.

ऐकणाऱ्याने मात्र सावध राहावे. शत्रूच्या ठार झालेल्या सैनिकांचे आकडे हे युद्धातल्या एका पक्षाने दिलेले आकडे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ च्या अहवालात बहुतांश अत्याचारांसाठी सरकारी बाजूला जबाबदार धरले. पण १९८० च्या दशकात ईआरपीने महापौरांच्या केलेल्या हत्यांची नोंदही त्याच अहवालात आहे. कवी रोके दाल्तोन यांना तर १९७५ मध्ये याच संघटनेने मारले होते. अशा प्रकरणांत केंद्राचा आवाज हा साक्षीदाराचा नसून आरोपीचा असतो. सरकारी बाजूही रेडिओ वापरत होती. नोव्हेंबर १९८९ मध्ये बंडखोर राजधानीत शिरले तेव्हा लष्करी नियंत्रणाखालच्या वाहिनीवरून जेझुइट पाद्री इग्नासिओ एयाकुरिया यांच्याविरुद्ध धमक्या प्रसारित झाल्या. काही दिवसांतच, १६ नोव्हेंबरला, त्यांच्यासह सहा जेझुइट पाद्र्यांना मारण्यात आले.

या प्रक्षेपणांची आणखी एक नोंद अनपेक्षित ठिकाणी आहे. परदेशी प्रक्षेपणे ऐकून त्यांची भाषांतरे छापणारी अमेरिकी सरकारची यंत्रणा रेडिओ व्हेन्सेरेमोसही नेमाने ऐकत होती. बंडखोरांचा शब्द अशा रीतीने वॉशिंग्टनच्या फायलींतही टिकला. मूळ फीत उपलब्ध नसेल तेव्हा अभ्यासकाला या भाषांतरांचा आधार होतो, मात्र बोलण्यातला सूर त्यांत येत नाही.

युद्ध संपवणाऱ्या १६ जानेवारी १९९२ च्या चापुल्तेपेक करारानंतर केंद्र कायदेशीर झाले आणि राजधानीत व्यापारी एफएम म्हणून चालू लागले. युद्धकालीन ध्वनिफिती, छायाचित्रे, चित्रफिती आणि पत्रके कोन्साल्वी यांनी सान साल्वादोरमध्ये स्थापन केलेल्या 'शब्द आणि प्रतिमा संग्रहालया'त आहेत. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील ग्रंथालयाच्या सहकार्याने अनेक फितींचे डिजिटल रूपांतर झाले असून जगभरचे अभ्यासक त्या ऐकू शकतात. पेर्किन या मोरासानमधील गावच्या क्रांती संग्रहालयात केंद्राच्या स्टुडिओचे साहित्य मांडले आहे.

युद्धातील गुन्ह्यांना माफी देणारा १९९३ चा कायदा २०१६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि एल मोसोतेचा खटला पुन्हा उभा राहिला. बंडखोरांच्या फिती खुल्या झाल्या, लष्करी दप्तरे मात्र बंदच राहिली: ती तपासण्यासाठी न्यायाधीश होर्हे गुस्मान २०२० मध्ये प्रत्यक्ष गेले, तेव्हा सैनिकांनी त्यांना आत जाऊ दिले नाही. पुढच्याच वर्षी, साठी ओलांडलेल्या न्यायाधीशांना निवृत्त करणाऱ्या कायद्यामुळे, हा खटला त्यांच्याकडून गेला.