एल्कहॉर्नवर, थंडीच्या आधी

बूट पायात घालण्याआधी उलटा करून आपटा. रात्रीतून आत काय शिरलं असेल याचा भरवसा नाही. रॅटलस्नेक शेपटीचा खुळखुळा वाजवून इशारा देतो खरा, पण तो बुटातच बसला असेल तर इशारा ऐकून उपयोग काय?

साल १८८६, सप्टेंबर महिना. तुम्ही अमेरिकेच्या डाकोटा प्रदेशात, लिटल मिसुरी नदीच्या काठी, एल्कहॉर्न रँचवर कामाला लागला आहात. मेडोराचं रेल्वे स्टेशन इथून दक्षिणेला ५५ किलोमीटरवर. मालक थिओडोर रूझवेल्ट, वय २७. राष्ट्राध्यक्षपद अजून १५ वर्षं लांब. घर ओंडक्यांचं, साठ फूट लांब आणि तीस फूट रुंद, पुढं नदीकडे तोंड केलेली ओसरी. रँचला नाव पडलं ते इथं सापडलेल्या दोन एल्कांच्या शिंगांवरून. दोन नर झुंजले, शिंगं अशी अडकली की सुटेनात, आणि दोघंही तिथंच मेले.

ओसरीपुढच्या कॉटनवुडची पानं पिंपळासारखी जराशा वाऱ्यानंही सळसळतात. कुंपण कुठंच नाही. गुरं मोकळ्या माळावर चरतात आणि कोणाची कोणती हे अंगावरच्या डागावरून ओळखायचं. आज तुमच्याकडे चुकलेली आणि दुखावलेली जनावरं शोधण्याचं काम आहे.

घोड्यावर बसलात तरी नजर जमिनीवर ठेवा, कारण पुढं प्रेअरी डॉगची वस्ती आहे. खारीच्या कुळातले हे प्राणी बिळाच्या तोंडाशी उभे राहून कर्कश ओरडतात आणि तुम्ही जवळ गेलात की गडप होतात. घोड्याचा पाय अशा बिळात गेला तर मोडलाच समजा. रिकाम्या बिळापाशी एखादं लहानसं घुबड भरदिवसा तुमच्याकडे टक लावून बघत असतं.

तो बघा, रँचचाच एक घोडा. खोगीर घासून पाठीला जखम झाली आहे आणि तिच्यावर मॅगपाय बसला आहे: कावळ्याचा काळा-पांढरा, लांब शेपटीचा भाऊबंद. तो जखमेत चोच घालून मांस टिपतो. घोडा कातडी थरथरवतो, पक्षी वीतभर उडतो आणि पुन्हा तिथंच उतरतो. हाच पक्षी हरणांच्या अंगावरच्या गोचिडी खातो. उपकार आणि अपकार असा भेद त्याच्या चोचीला ठाऊक नाही.

दुपारी उघड्या माळावर हरणासारखे प्राँगहॉर्न दिसतात. पळायला लागले तर तुमचा घोडा त्यांना गाठणार नाही, पण त्यांचं कुतूहलच त्यांना नडतं. काठीला रुमाल बांधून हलवून बघा. एखादा थबकतो, पुठ्ठ्यावरचे पांढरे केस फुलवतो, मागं पळतो आणि काय आहे ते बघायला पुन्हा चार पावलं जवळ येतो. शिकारी याच युक्तीनं त्यांना बंदुकीच्या टप्प्यात आणतात.

दिवसभरात एकदाही दिसला नाही असा प्राणी मात्र पावलोपावली भेटत राहतो. लोळून लोळून केलेले खळगे, पाण्याकडे उतरणाऱ्या खोल वाटा, गवतात पडलेल्या कवट्या, सगळं बायसनचं. उत्तरेकडचे शेवटचे मोठे कळप १८८३ च्या सुमारास संपले. रूझवेल्ट त्याच वर्षी इथं पहिल्यांदा आले, तेही बायसन मारायला. आता हाडं वेचून खतासाठी रेल्वेनं रवाना होतात आणि त्या गवतावर गाय चरते. भक्ष्य गेल्यामुळे लांडगे वासरांवर आले. त्यांच्यासाठी मेलेल्या जनावरात स्ट्रिक्निनचं विष भरून ठेवतात, तेव्हा आपला कुत्रा मोकळा सोडू नका.

यंदाचा उन्हाळा कोरडा गेला. गवत आखूड आहे आणि गुरं उदंड.

आता जानेवारीत या. नोव्हेंबरपासून बर्फ पडतो आहे. मध्येच वरचा थर वितळला आणि पुन्हा गोठून दगडासारखा झाला. गवत आहे, पण त्याच्याखाली. घोडा खुरानं बर्फ उकरतो. बायसन असता तर प्रचंड डोकं दोन्ही बाजूंना झुलवून त्यानं वाट केली असती. गाय नुसतं नाक खुपसते. कडक कवचानं तोंड सोललं की थांबते आणि वाऱ्याकडे पाठ करून चालत सुटते. तुम्ही किती गायी परत वळवाल?

वसंतात बर्फ वितळून नदी फुगते आणि गुरांची प्रेतं वाहून नेते. रूझवेल्टांचा निम्म्याहून अधिक कळप गेला. त्यानंतर इथले रँचवाले कळप लहान ठेवू लागले, कुंपणं घालू लागले आणि हिवाळ्यासाठी गवत कापून साठवू लागले. बायसनला जे आपल्या मानेच्या जोरावर मिळत होतं, ते गायीला माणसानं राबून पुरवायचं, असा हा नवा करार होता.

१९५६ साली मेडोराजवळ, याच नदीच्या खोऱ्यात, २९ बायसन पुन्हा सोडले गेले. त्यांचे वंशज आजही तिथल्या राष्ट्रीय उद्यानात आहेत, आणि हिवाळ्यात त्यांना कोणी चारा घालत नाही.