‘बार’ आणि ‘काडतूस’ : चांद्याच्या वनप्रदेशातील दारूच्या मापाचा इतिहास

मराठीत ‘बार’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : बंदुकीत एका वेळी भरावयाची दारू आणि ती पेटल्यावर होणारा धडाका. माप व परिणाम या दोहोंस एकच शब्द असावा, यात ठासणीच्या बंदुकीचा व्यवहार उमटला आहे. तीत दारू मोजणारा व चाप ओढणारा माणूस बहुधा एकच असे. दारू कमी पडल्यास बार फुसका जाई. अधिक झाल्यास नळी फुटण्याचे भय असे.

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. आरंभीच्या काडतुसात मोजलेली दारू व गोळी कागदात गुंडाळलेली असे. म्हणजे माप शिपायाच्या हातून आधीच सुटले होते. अशाच काडतुसांवरून १८५७ मध्ये असंतोष भडकला. पुढील वर्षी चांद्याच्या अरण्यात बाबूराव शेडमाके यांनी उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी देण्यात आले. दोन दशकांनी, १८७८ च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना दारूगोळा करण्यास मनाई केली.

रिव्हॉल्वरचे धातूचे काडतूस व बिनधुराची दारू आल्यावर मापातील अल्प चूकही घातक ठरू लागली. १९५९ च्या कायद्यानेही परवान्याचे बंधन कायम ठेवले. पुढे याच प्रदेशात भद्रावतीस आयुध निर्माणी उभी राहिली.

अशा रीतीने माप हातातून कारखान्यात गेले. हे स्थित्यंतर सुरक्षिततेचे, तितकेच सत्तेचेही होते. ‘बार’ या शब्दात मात्र मोजणारा हात अद्याप टिकून आहे.