कोलंबियाची नभोवाणी आणि जॅझ

न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत एड्विन आर्मस्ट्राँग हे विद्युत्-अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. आकाशांत वीज चमकली कीं नभोवाणीवरील गाणें खरखरीनें बुडून जावें, हा त्या काळचा नित्याचा अनुभव. लहरींचा जोर कमीअधिक करण्याऐवजीं त्यांची कंपनसंख्या बदलली तर हा उपद्रव टळतो, हें त्यांनीं सिद्ध केलें व १९३३ सालीं शोधाचे हक्क मिळविले. तीच एफ्. एम्. पद्धति. हक्कांच्या खटल्यांत पैसा व प्रकृति खर्ची घालून १९५४ सालीं त्यांनीं आत्महत्या केली.

याच विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या केंद्राला १९४१ सालीं परवाना मिळाला. डब्ल्यू. के. सी. आर्. हें त्याचें नांव. १९५६ पासून तें एफ्. एम्. वर आलें. १९६८ सालीं विद्यार्थ्यांनीं विद्यापीठाच्या इमारती व्यापल्या, त्याचें वृत्त याच मुलांनीं शहराला ऐकविलें. परंतु केंद्राची खरी कीर्ति झाली ती जॅझमुळें. १९७० नंतर व्यापारी केंद्रांना रॉक संगीतांत अधिक प्राप्ति दिसूं लागली आणि जॅझला वाव उरेना. ज्या शहरांत त्या वाद्यवृंदांचा एवढा बोलबाला झाला, तेथेंच त्यांच्या तबकड्या ऐकण्याची पंचाईत! विद्यार्थ्यांच्या केंद्राला जाहिरातींवर पोट भरावयाचें नव्हतें. त्यामुळें गिऱ्हाईक किती, हा प्रश्न त्याला अडवीत नसे.

१९७० सालीं फिल शाप नांवाचा विद्यार्थी या केंद्रावर बोलूं लागला, तो शिक्षण संपल्यावरही तेथून हलला नाहीं. चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकावर १९८१ पासून तो सकाळचा कार्यक्रम करी. एखादें तीन मिनिटांचें वादन कोणत्या दिवशीं, कोणत्या साथीदारांसह मुद्रित झालें, यावर तो वेळेचें भान न ठेवतां बोले. कित्येक श्रोते कंटाळत. संगीत ऐकावयास बसावें आणि तारखा ऐकाव्यात, ही तक्रार अगदींच खोटी नव्हती. पण हा तपशील दुसरीकडे कोण जपणार होतें? आपल्याकडेही एखाद्या गवयाची आठवण अशाच चिकट रसिकांनीं जिवंत ठेविली आहे. २०२१ सालीं शाप निवर्तला.

११ सप्टेंबर २००१ रोजीं जागतिक व्यापार केंद्राच्या उत्तर मनोऱ्याबरोबर या केंद्राचा प्रक्षेपकही नष्ट झाला. पुढें दुसऱ्या इमारतीवरून प्रक्षेपण सुरू झालें.

थोर वादकांच्या जन्मदिनीं अहोरात्र त्यांचेंच वादन लावण्याची तेथील प्रथा. लेस्टर यंगचा जन्म २७ ऑगस्टचा, पार्करचा २९ ऑगस्टचा. म्हणून मधला दिवस दोघांत वांटून सलग तीन दिवस उत्सव. लुई आर्मस्ट्राँगच्या बाबतींत मात्र पेंच पडला. (प्राध्यापक आर्मस्ट्राँग ते निराळे.) तो स्वतः आपला जन्म ४ जुलै १९०० चा सांगे, त्याच्या मृत्यूनंतर चर्चच्या दप्तरांत ४ ऑगस्ट १९०१ ही तारीख सांपडली. केंद्रानें दोन्ही दिवशीं त्याचा कर्णा वाजविला.