मागाची माळ आणि घरचा संगणक

सोलापुरी चादरीवरचें मोरपीस छापलेलें नसतें. तें विणलेलें असतें. मागाच्या माथ्यावर जॅकार्ड बसविलेलें असतें व त्यांत भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोंक असेल तेथें ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तेथें खालींच राहतो. फ्रान्समध्यें १८०४ सालीं सिद्ध झालेल्या या कळेनें दोरे ओढणाऱ्या पोराची मजुरी घालविली खरी. पण नक्षी बदलावयास माग मोडण्याचें कारण उरलें नाहीं. माळ बदलली कीं झालें!

चार्ल्स बॅबेजनें ही युक्ति आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यांत घेतली. तें यंत्र त्याच्या हयातींत पुरें झालें नाहीं. पुढें १९८१ सालीं आय.बी.एम.नें काढलेल्या घरगुती संगणकांत नवे भाग बसविण्यास खांचा मोकळ्या ठेवल्या होत्या. सोलापूरच्या विणकरास ही रीत ओळखीची वाटावी: घरींच झांकण उघडावयाचें, मेमरीची पट्टी वाढवावयाची, जुनी डिस्क काढून नवी लावावयाची, पेटी तीच.